क्रेटखालचा कागद: सुरूर–पोलादपूर रस्त्याचं परीक्षण

सगळ्यात खालच्या क्रेटखाली मी एक कोरा कागद अंथरतो. वर्तमानपत्र नाही, छापील कागदावर डाग कळत नाही. पोरांच्या जुन्या वह्यांतली न लिहिलेली पानं चालतात. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी भरायची, घाट उतरायचा आणि पोलादपुरात गाडी उभी केली की आधी तो कागद ओढून बघायचा. कोरा निघाला तर रस्ता चांगला. गुलाबी ठिपके दिसले तर कुठेतरी आदळलं. आणि कागद भिजून क्रेटला चिकटलाच असेल, तर त्या दिवशी दुकानदाराशी घासाघीस करायला तोंड उघडू नये.

स्ट्रॉबेरीला साल नाही. आंबा आदळला तर दोन दिवसांनी काळा पडून सांगतो. ही बाई तिथल्या तिथे रडते. खरं म्हणजे ते फळ नव्हेच, आकार धरून बसलेला रस आहे. म्हणून म्हणतो, रस्ता कसा आहे ते मोटारवाल्यांना विचारू नका. त्यांच्या गाडीच्या स्प्रिंगा भारी असतात आणि गाणी मोठ्याने लागलेली असतात. माझ्या कागदाला विचारा.

रस्ता म्हणजे राज्यमार्ग ७२. पुणे–सातारा हायवेवरच्या सुरूर फाट्यापासून निघतो; वाई, पाचगणी, महाबळेश्वर करत आंबेनळी घाटाने पोलादपुरात उतरून मुंबई–गोवा हायवेला मिळतो. सगळा मिळून ऐंशीएक किलोमीटर. वाई सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास आणि पोलादपूर जवळजवळ कोकणच्या तळाला. म्हणजे एका बाजूने अर्धा डोंगर चढायचा आणि दुसरीकडून अख्खा उतरायचा. मी पोलादपूर तालुक्यातला. स्वतःची पिकअप आहे, या रस्त्यावर अठरा हंगाम काढलेत. नोव्हेंबर ते एप्रिल स्ट्रॉबेरी खाली आणतो. महाड, खेड, चिपळूण इथली दुकानं ठरलेली आहेत. उरलेल्या दिवसांत मिळेल ते भाडं.

सुरूर ते वाई हा तुकडा झटपट उरकतो, कारण तिथे सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, आणि जेवढे उरलेत तेवढे वडाचे जुने बुंधे. या वडांच्या सावलीत एप्रिलमध्ये गाडी थांबवून रेडिएटरवर पाणी मारलंय, त्यामुळे त्यांना माझे पूर्ण गुण. वाईत मी आठवड्यातून एकदा जातो. पनेट म्हणजे फळं भरायच्या प्लॅस्टिकच्या डब्या, खोकी, चिकटपट्टी तिथून घेतो. बाजारात हळदीचा वास असतो. काम लवकर आटोपलं तर गंगापुरीच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसतो. ढोल्या गणपतीला नमस्कार, मग गाडी पसरणीकडे.

पसरणी घाट हा या रस्त्याचा शाळेत पहिला येणारा मुलगा. चढ बेताचा, वळणं मोकळी, कठडे जागेवर, रात्री चमकणारी बटणंसुद्धा आहेत. खाली पसरणी गाव, शाहीर साबळ्यांचं. १९२३ साली तिथे जन्मले. मागे धोम धरणाचं पाणी चमकत असतं आणि वरून लोक पंखांना लटकून उड्या मारत असतात. हा घाट मी तिसऱ्या गिअरवर चढतो आणि दुसऱ्यावर उतरतो. रिकामी खोकी घेऊन चढायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, शनिवार नसेल तर. शनिवार असेल तर हा घाट नाही, ती रांग आहे. पुढच्या गाडीतली पोरं खिडकीतून माकडांना चिप्स देतात, माकडं टपावर येतात, त्यांचा फोटो काढायला मागची गाडी थांबते, आणि त्यांच्या मागे मी. एकदा एका माकडाने माझ्या पिकअपच्या ताडपत्रीखाली हात घालून पनेटची पिशवी ओढली, फोडली, आणि आत नुसतं प्लॅस्टिक बघून माझ्याकडे असा काही चेहरा केला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

पाचगणी ते महाबळेश्वर हा वीसेक किलोमीटरचा पठारी तुकडा. भिलारचा फाटा तिथेच, ते २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीची वाफे पाडलेली शेतं, काळ्या मल्चिंगच्या पट्ट्या, रस्त्याकडेला विक्रीच्या टपऱ्या. इथलं डांबर बहुतेक वेळा गुळगुळीत. कागद अंथरावा लागत नाही. पण गंमत अशी की माझा माल या बाजूला जातच नाही! पुणे-मुंबईचा माल हा रस्ता धरतो. माझा माल जातो पश्चिमेला, आणि पश्चिमेचा रस्ता वेगळा. नंबर एकच, रस्ते दोन.

असं का, याचा मी बराच विचार केलाय. गाडी चालवताना डोक्याला दुसरं काम नसतं.

पूर्वी महाबळेश्वरची पुढची बाजू पोलादपूरचीच होती. १८२९ च्या सुमाराला गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून वरची जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. बाजारपेठेला माल्कमपेठ नाव पडलं. तेव्हा मुंबईचे साहेब यायचे ते समुद्राने. गलबतातून बाणकोट, तिथून सावित्रीच्या खाडीतून महाडपर्यंत, आणि पुढे पालखीतून पार घाटाने वर. पार हे गाव प्रतापगडाच्या पायथ्याला आहे. तिथे कोयनेवर जुना दगडी पूल आहे, शिवकाळातला. त्यावरून अजून माणसं चालतात. महाड बंदराचा माल बैलांच्या पाठीवरून देशावर चढायचा तो याच अंगाने. म्हणजे मी आज जे करतो तेच, उलट दिशेने. आणि बैलांना ब्रेक लायनर बदलावे लागत नव्हते.

मग पुणे–मिरज रेल्वे आली आणि वाठार स्टेशन झालं. साहेब वाठारला उतरून टांग्याने वाईमार्गे वर यायला लागला. पुढची बाजू मागची झाली ती तेव्हापासून. आजही बघा, पाहुणा पुण्याकडून येतो, म्हणून गुळगुळीत रस्ता पुण्याकडे. कोकणातून वर जाणारा सुकी मासळी घेऊन जातो आणि खाली येणारा स्ट्रॉबेरी घेऊन येतो. त्याचे फोटो कोण काढणार?

सुक्या मासळीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. वर जाताना गाडी रिकामी नेणं परवडत नाही. मग बोंबील, सोडे, कधी सुकट, कधी तांदळाची पोती. वर माल उतरवला की हौदा साबणाने धुवायचा, मग चिंचेच्या पाण्याने, मग वाळवून आत पेंढा टाकायचा. एवढं करूनही मेटगुताडच्या आजी गाडीजवळ आल्या की आधी नाक पुढे करतात. या आजींच्या शेतावरून मी सगळ्यात जास्त माल उचलतो. सत्तरी पार केलेली बाई, पण पॅकिंगच्या वेळी तिची बोटं सुनांपेक्षा भराभर चालतात.

"भाऊ, कालचं बोंबील कुठं गेलं?"

"चिंच लावून धुतलाय हौदा, आजी."

"चिंचेचा वास येतोय. त्याच्या मागं कोण हाय ते इचारतीय."

मग परत धुवायचा. स्ट्रॉबेरी वास धरते. नाभिला जातीची जरा कमी, स्वीट चार्ली जातीची फार. एका हंगामात खेडच्या एका दुकानदाराने क्रेट परत केला होता. म्हणाला, हे जेवणाआधी खायचं की जेवणात? तेव्हापासून मासळीच्या दिवशी स्ट्रॉबेरी भरत नाही. मधे एक रात्र हौदा उघडा ठेवतो, दवात.

आता मुख्य परीक्षण, महाबळेश्वर ते पोलादपूर, चाळीस किलोमीटर.

मी रात्री उतरतो. दिवसभर तोडणी, संध्याकाळी पॅकिंग, आठ-साडेआठला भरणी. लोकांना वाटतं रात्री घाट म्हणजे धोका. माझ्या मते उलट आहे. रात्री समोरच्याचा उजेड वळणाच्या आधी दिसतो. दिवसा फक्त हॉर्न, आणि हॉर्न वाजवायचा की नाही हे समोरच्याच्या मनावर. शिवाय गारवा. डिसेंबरात वर हात आखडतो इतकी थंडी असते आणि घाटाच्या पायथ्याच्या कापडे गावी पोचेपर्यंत अंगातला स्वेटर काढावा लागतो. फळाला तो बदल झेपत नाही, म्हणून हवा थंड असेल तेवढ्यात जास्तीत जास्त उतरून घ्यायचं. क्रेटवर ओली गोणपाटं टाकतो. काहीजण बर्फाच्या बाटल्या ठेवतात. मला ते पटत नाही, घाम सुटून बुरशी येते.

महाबळेश्वर सोडलं की पहिले सात-आठ किलोमीटर दाट झाडी. जांभूळ, हिरडा, अंजनी, दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकलेली. २००१ पासून हा सगळा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, त्यामुळे झाडाला सहजासहजी कुणी हात लावत नाही. ते चांगलंच. पण रस्ता रुंद होणार नाही हेही त्यात आलं, आणि समोरून एसटी आली तर एकाने साईडपट्टीवर उतरायचंच. नियम सांगतो की घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. २०१७ च्या नियमावलीत तसं लिहिलंय. या रस्त्यावर हा नियम एसटीचे ड्रायव्हर पाळतात, ट्रकवाले पाळतात, आणि स्वतःची मोटार घेऊन आलेले पाळत नाहीत. त्यांना ठाऊकच नसतं. गेल्या जानेवारीत एक पाहुणे माझ्यासमोर उतारावर थांबून, काच खाली करून म्हणाले, "तुम्ही मागे घ्या ना, तुम्हाला सवय असेल." मी चढत होतो. मागे सोड्याची पोती, त्यामागे एसटी. एसटीचा कंडक्टर खाली उतरला, शिट्टी तोंडात धरून त्या पाहुण्यांच्या गाडीला मागे-मागे करत पन्नास पावलं वर नेली, आणि जाताना मला म्हणाला, "सवय त्यांना लावली."

इथेच एका अंगाने जुना रडतोंडीचा घाट उतरतो. बॉम्बे पॉइंटच्या बाजूने पारकडे. नाव काय, रडतोंडी! चढताना तोंड रडवेलं होतं म्हणून. इंग्रजांच्या जिभेला ते झेपेना, त्यांनी 'रोटुंडा' केलं. रडण्याचं गोल घुमटात रूपांतर. अफझलखान वाईहून निघाला तो या रडतोंडीनेच जावळीत उतरला, १६५९ च्या पावसाळ्यानंतर. वाईचा सुभा आधी त्याच्याकडेच होता, म्हणजे मुलूख त्याला नवा नव्हता. हत्ती, तोफा, उंट, जनाना, सगळं घेऊन. मी नेहमी म्हणतो की या रस्त्यावरची पहिली ओव्हरलोड गाडी ती. वजन किती आणि वाट किती याचा हिशेब चुकला की पुढे काय होतं, ते १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली दिसलंच.

आता जो गाडीरस्ता आहे तो नंतरचा. १८६७ ते ७२ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या फिट्झगेराल्डचं नाव या घाटाला होतं. जुन्या नकाशात फिट्झगेराल्ड घाट, आमच्या तोंडी आंबेनळी. आखणी मात्र मानली पाहिजे. साहेबाचं श्रेय द्यायला माझं काही जात नाही. चढ कुठेही अंगावर येत नाही. बैलगाडी थांबून दम खाईल असा हिशेब करून वळणं टाकलीत. लोड गाडी दुसऱ्या गिअरवर आपसूक उतरते, ब्रेकला पाय लागतो तो फक्त वळणाच्या तोंडाशी. जो न्यूट्रलवर उतरतो त्याचे लायनर तापतात, आणि तो वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. आंबेनळीत थंडीच्या रात्रीही तो वास कधीकधी येतो. मग मी गाडी कडेला घेतो आणि पुढे गेलेल्याला अंतर देतो.

वाडा कुंभरोशीला थांबा. इथून प्रतापगडाचा फाटा. चहा चांगला, आल्याचा, कप मोठा. हे दुकान मी अठरा वर्षं बघतोय, नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर गर्दी होईल. इथल्या म्हाताऱ्याकडून मी नेहरूंची गोष्ट ऐकली. ३० नोव्हेंबर १९५७ ला गडावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंतप्रधान आले होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती, आणि रस्त्याच्या कडेने लोक काळी निशाणं घेऊन उभे होते. म्हातारा तेव्हा पोरगा होता. त्याला निशाणाचा अर्थ कळत नव्हता, पण त्याच्या आजीची काळी घोंगडी कुणीतरी मागून नेली आणि ती परत आलीच नाही, हे त्याला पक्कं आठवतं. आजही सांगताना घोंगडीचंच दुःख जास्त.

मी म्हटलं, "काका, महाराष्ट्र मिळाला की."

"महाराष्ट्र सगळ्यांना मिळाला. घोंगडी आमचीच गेली."

कुंभरोशीच्या पुढे खरा घाट. आणि इथे कागदाची परीक्षा.

खड्ड्याचे प्रकार असतात. तव्यासारखा उथळ खड्डा दिसायला वाईट, पण क्रेटला त्रास देत नाही. गाडी त्यात उतरते आणि चढते. वाईट असतो तो मोरीवरचा. पाइप टाकून वर भराव केलेला असतो, पावसात भराव बसतो, पाइपची पाठ तशीच राहते. मग वर डांबराचा उंचवटा आणि दोन्ही बाजूंना खळगी. दिव्याच्या उजेडात तो दिसत नाही, कारण वरचं डांबर सलग असतं. पुढचं चाक चढतं, आपटतं, मग मागचं चढतं, आपटतं, आणि मागच्या चाकावरच माझे खालचे क्रेट. धप-धप. दुसऱ्या धपला मला कळतं की कागदावर ठिपका पडला. अशा मोऱ्या कुंभरोशी ते कापडे या पट्ट्यात सात आहेत. मला त्या आकड्याने पाठ आहेत, जशा बायकांना उपासाच्या तिथी.

दुसरा शत्रू पॅच. पावसाळा संपला की खड्डे भरायला माणसं येतात. काम कुणाकडे होतं त्याचं नाव इथे लिहीत नाही, आणि लिहून उपयोगही नाही, दर वर्षी वेगळं असतं. खड्डा चौकोनी कापायचा, आतली धूळ झाडायची, डांबर मारायचं, खडी भरायची, रोलर फिरवायचा, अशी रीत. दोन वर्षांपूर्वी मी डोळ्यांनी बघितलं ते असं: धूळ तशीच, पानं तशीच, वर फावड्याने गरम माल टाकला आणि टेम्पोचं चाक त्यावरून दोनदा पुढे-मागे नेलं. रोलर कुठाय विचारलं तर पोरगा म्हणाला, "हेच की." पंधरा दिवसांत त्या पॅचची खडी सुटून वळणावर पसरली. खड्डा परवडला, सुटी खडी नको. खड्ड्यात माल जातो, खडीवर गाडी जाते. त्या हंगामात माझे कागद डिसेंबरात लाल आणि फेब्रुवारीत कोरे निघाले, कारण तोवर चाकांनी खडी कडेला उडवली होती आणि खड्डे आपल्या मूळ आकाराला आले होते.

कठड्यांबद्दल मी गमतीने लिहू शकत नाही. २८ जुलै २०१८ ला सकाळी दाभीळ टोकाजवळ दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. सहलीला महाबळेश्वरला निघाले होते. एक सोडून गाडीतलं कुणी वाचलं नाही. जो वाचला तो चढून रस्त्यावर आला तेव्हा खालच्यांना कळलं. आमच्या तालुक्यातली पोरं, ट्रेकवाले, दोर लावून उतरले होते. मीही गेलो होतो, वरून दोर धरायला. त्या जागेवरून मी आता हॉर्न न वाजवता जातो. का ते सांगता येणार नाही.

आणि २०२१. २२ जुलैला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा वाचून काही कळत नाही. असं समजा, मुंबईला अख्ख्या जूनमध्ये जेवढा पडतो त्याहून जास्त, एका दिवसात, आणि सगळा उतारावर. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी दरडीखाली आली, शेजारच्या महाड तालुक्यात तळिये गेलं. आंबेनळी जागोजागी तुटला होता. काही ठिकाणी वरून दरड आली होती, आणि काही ठिकाणी खालून रस्ताच निसटला होता, डांबराची साय अधांतरी लटकलेली. वरच्या गावांची माणसं दळणाला, दवाखान्याला पायी उतरत होती. गाडीने वर जायचं तर चिपळूण, कुंभार्ली, सातारा करून फिरून यायचं. चाळीस किलोमीटरचा रस्ता नसला तर तो केवढा असतो ते मला त्या पावसाळ्यात कळलं. नंतर दुरुस्ती झाली. जाळीत दगड भरून रचलेल्या भिंती उभ्या राहिल्या, काही वळणं पूर्वीपेक्षा रुंद झाली. ते काम चांगलं झालंय. चार पावसाळे भिंतीने सोसलेत, फुगवटा नाही. वाईट तेवढं सांगायचं आणि चांगलं गिळायचं, असं मी करत नाही.

अजूनही मोठ्या पावसात हा घाट बंद करतात, अवजड गाड्यांना तर नक्कीच. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडून जायचं ठरवत असाल तर निघण्याआधी पोलादपुरात विचारा. मोबाईलवरचा नकाशा रस्ता निळा दाखवतो, दरड दाखवत नाही. घाटात रेंज तुटक. धुकं आलं तर पिवळा दिवा लावा, आणि पुढच्याच्या मागच्या दिव्याला चिकटून जाऊ नका. तो चुकला तर तुम्ही त्याच्या मागोमाग चुकाल.

कापड्याला घाट संपतो. अंगाला एकदम ओली हवा लागते, काजव्यांच्या दिवसांत झाडं लुकलुकतात, उमरठकडे जाणारी वाट फुटते. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. इथून पोलादपूरपर्यंत सावित्री सोबत असते. वाईला कृष्णा, महाबळेश्वरच्या तोंडाशी वेण्णा, कुंभरोशीच्या खाली कोयना आणि शेवटी सावित्री. चारही वरच एकत्र जन्मलेल्या. तिघी देशावर जातात, एकटी सावित्री कोकणात उतरते. माझ्या गाडीसारखी.

गुण द्यायचे तर असे: सुरूर ते महाबळेश्वर दहापैकी आठ, दोन कापले ते शनिवार-रविवारचे. महाबळेश्वर ते कुंभरोशी सहा. आंबेनळीची आखणी दहा, संरक्षक भिंती आठ, मोऱ्या तीन, पॅच शून्य. पाट्यांना पाच. पुढे तीव्र वळण आहे हे सांगणारी पाटी वळणातच लावली असेल तर ती कुणासाठी आहे? हिरव्या टोपीचे किलोमीटरचे दगड मात्र बरेचसे जागेवर आहेत. कोण रंगवतं कोण जाणे, पण कुंभरोशीच्या पुढच्या एका दगडावर दर दिवाळीला ताजा रंग असतो आणि त्यावर झेंडूची दोन फुलं.

मार्चच्या शेवटच्या फेरीनंतर वर गेलो तेव्हा मेटगुताडच्या आजींनी हिशेब करायच्या आधी हात पुढे केला. "कागद." त्यांचा माझ्या बोलण्यावर विश्वास नाही, कागदावर आहे. आधीच्या फेरीचा कागद खिशातून काढून दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, मग शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरला. तीन ठिपके होते. दोन फिकट, एक आठ आण्याएवढा, गडद, मध्ये बी चिकटलेलं.

मोठ्या ठिपक्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे कुठलं?"

"दाभीळ टोकाच्या अलीकडची मोरी. चौथी."

"आन् हे दोन?"

"पाचवी आणि सहावी."

"सातवी?"

"सातवीला थांबून उतरलो, आजी. गाडी हळूच सोडली."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि फडताळातल्या डब्यात, आधीच्या कागदांवर, ठेवून दिली.